मंद तेजोमेघांचे छायाचित्रण

ताऱ्यांमधल्या जागेत पसरलेल्या वायूच्या व धुळीच्या ढगांना तेजोमेघ म्हणतात. त्यांतल्या काहींचा उजेड रात्रीच्या आकाशाच्या स्वतःच्या उजेडापेक्षाही कमी असतो. असे मेघ दुर्बिणीतून डोळ्यांना दिसत नाहीत, किंवा जेमतेम जाणवतात. कॅमेऱ्यात तासन्‌तास प्रकाश साठवून त्यांचे चित्र मिळवणे म्हणजे मंद तेजोमेघांचे छायाचित्रण. हे काम मोठ्या वेधशाळांपुरते आहे असा समज अजून पुष्कळ ठिकाणी आढळतो, आणि तो चुकीचा आहे. साधी लेन्स, जुना कॅमेरा आणि आकाशाबरोबर फिरणारी लहानशी बैठक एवढ्या साहित्यावर हौशी निरीक्षक हे काम करतात.

मृग नक्षत्रातला मोठा तेजोमेघ, एम ४२, नुसत्या डोळ्यांनाही धूसर ठिपक्यासारखा दिसतो. त्याच नक्षत्राला एका बाजूने कवेत घेणारी बर्नार्ड लूप ही कमान मात्र दहा अंशांहून जास्त पसरलेली असूनही डोळ्यांना बहुधा सापडत नाही. पूर्ण चंद्राचे बिंब अर्ध्या अंशाचे असते, हे लक्षात घेतले की या मेघाचा आकार ध्यानात येतो. तो लहान म्हणून दिसत नाही असे नाही. त्याचा प्रकाश फार मोठ्या क्षेत्रावर पातळ पसरला आहे. शिवाय तो मुख्यतः तापलेल्या हायड्रोजनच्या ६५६.३ नॅनोमीटर लांबीच्या लाल प्रकाशात चमकतो, आणि अंधारात काम करणाऱ्या आपल्या डोळ्यांतल्या पेशी त्या लाल रंगाला जवळजवळ आंधळ्या असतात. डोळ्यांना प्रकाश साठवताही येत नाही. सेकंदाच्या लहानशा अंशात आलेला प्रकाश मेंदूकडे जातो आणि पाटी पुन्हा कोरी होते. कॅमेरा ती पाटी पुसत नाही.

आकाशाची वजाबाकी

या छायाचित्रणाचा गाभा वजाबाकी आहे, हे नवशिक्याला उशिरा कळते. कॅमेरा कधीच नुसता तेजोमेघ टिपत नाही. तो आकाशाचा उजेड टिपतो आणि त्यात किंचित भर म्हणून तेजोमेघ येतो. समजा, एका फ्रेममध्ये प्रत्येक पिक्सेलवर आकाशाच्या प्रकाशाने सुटलेले १,००० आणि तेजोमेघाच्या प्रकाशाने सुटलेले १० इलेक्ट्रॉन जमले. आकाशाची सरासरी वजा करता येते, तिचा चढउतार वजा करता येत नाही. प्रकाशकण एकसारख्या धारेने येत नाहीत, पावसाच्या थेंबांसारखे कमीजास्त पडतात. हा चढउतार एकूण संख्येच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे इथे सुमारे ३२ असतो. त्यात १० कुठे दिसणार? अशा १०० फ्रेम एकत्र केल्या की तेजोमेघाचे १,००० होतात आणि चढउतार सुमारे ३१८ वर जातो. आता मेघ या चढउताराच्या, म्हणजे गोंगाटाच्या, तिप्पट झाला, म्हणजे अंदाज येऊ लागला. ४०० फ्रेम झाल्या की तो सहापट होतो आणि आकार स्पष्ट होतो. चित्र दुप्पट स्वच्छ हवे असेल तर वेळ चौपट द्यावा लागतो. त्यातून सुटका नाही.

याच हिशेबात काळोख्या जागेचे मोल कळते. आकाशाची तेजस्विता प्रति चौरस कोनीय सेकंदाला (कोनीय सेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) किती प्रती, म्हणजे मॅग्निट्यूड, अशी मोजतात. आकडा जितका मोठा तितके आकाश काळे. शहराच्या आकाशात हा आकडा १८ च्या आसपास असतो, चांगल्या काळोख्या जागी २१.५. हा साडेतीन प्रतींचा फरक म्हणजे उजेडात २५ पट फरक. काळोखात ४ तासांत मिळणाऱ्या चित्रासाठी शहरात १०० तास लागतात. दुर्बीण बदलण्यापेक्षा जागा बदलणे श्रेयस्कर, असे जाणते निरीक्षक सांगतात ते या आकड्यांमुळे, आणि ते खरे आहे.

लहान भिंगांचा जुना वारसा

तेजोमेघाचे पहिले छायाचित्र हेन्‍री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी घेतले. ११ इंची दुर्बीण, ५१ मिनिटांचे एक्सपोजर, विषय अर्थातच मृगातला मोठा तेजोमेघ. १८८३ मध्ये अँड्र्यू एन्स्ली कॉमन यांनी ३६ इंची परावर्तक दुर्बिणीने त्याच मेघाचे चित्र घेतले. डोळ्यांना त्या दुर्बिणीतूनही न दिसणारे तारे त्यात उमटले होते. छायाचित्र हे डोळ्यांनी पाहिलेल्याची नुसती नोंद नव्हे, डोळ्यांपलीकडचे साधन आहे, हे तेव्हा सिद्ध झाले. १८८८ मध्ये हार्वर्डच्या एका काचपट्टीवर विल्यमिना फ्लेमिंग यांना मृगाच्या पट्ट्याजवळचा अश्वमुखी कृष्णमेघ, म्हणजे मागचा उजेड अडवणारा धुळीचा काळा मेघ, सापडला, तोही छायाचित्राचाच शोध.

आपल्या विषयाला सर्वांत जवळचा माणूस मात्र एडवर्ड एमर्सन बर्नार्ड. लिक वेधशाळेत जगातली सर्वांत मोठी भिंगाची दुर्बीण असताना त्यांनी आकाशगंगेचे विस्तीर्ण पट्टे टिपले ते ६ इंची विलार्ड भिंगाने, जे मुळात माणसांची छायाचित्रे काढण्यासाठी बनवलेले होते. मृगाभोवतालची ती कमान १८८९ मध्ये विल्यम पिकरिंग यांच्या छायाचित्रात आली होती. बर्नार्ड यांनी १८९४ मध्ये चित्रदीपाच्या (मॅजिक लँटर्नच्या) जेमतेम दीड इंच व्यासाच्या भिंगाने ती पुन्हा टिपली आणि तिचे वर्णन प्रसिद्ध केले. लिकच्या मोठ्या, ३६ इंची भिंगाच्या दृष्टिक्षेत्रात एवढा मोठा मेघ मावलाच नसता.

साहित्य

दीड इंची भिंग पुरते, याचे कारण साधे आहे. विस्तीर्ण मेघाचा प्रकाश सेन्सरच्या पृष्ठभागावर किती दाट पडतो, हे भिंगाच्या व्यासावर नाही, तर नाभीय अंतर भागिले व्यास या गुणोत्तरावर ठरते. एफ/४ ची ५० मिलिमीटर व्यासाची लेन्स आणि एफ/४ ची भलीमोठी दुर्बीण, दोन्ही सेन्सरच्या तेवढ्याच जागेवर तेवढाच दाट प्रकाश टाकतात. मोठ्या दुर्बिणीत मेघ जास्त उजळ होत नाही, जास्त मोठा होतो. म्हणून हंस राशीतला उत्तर अमेरिका तेजोमेघ (एनजीसी ७०००), तिथलाच तीन अंशांवर पसरलेला व्हेल (इंग्रजीत बुरखा) तेजोमेघ, ययातीतला अडीच अंशांचा कॅलिफोर्निया तेजोमेघ, अशा लक्ष्यांसाठी १३५ किंवा २०० मिलिमीटरची जुनी हाताने फोकस करायची लेन्स उत्तम. लहान ग्रहीय तेजोमेघांना (मरणाऱ्या ताऱ्यांनी बाहेर टाकलेल्या वायूच्या कवचांना) मात्र लांब नाभीय अंतर लागतेच. तो वेगळा छंद समजावा.

पृथ्वी फिरते म्हणून तारे सेकंदाला सुमारे १५ कोनीय सेकंद सरकतात. २०० मिलिमीटरची लेन्स आणि ४ मायक्रॉनचे पिक्सेल असतील तर खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा पाव सेकंदात एक पिक्सेल ओलांडतो. तेव्हा आकाशाबरोबर फिरणारी बैठक हवीच. बोलीत तिला ट्रॅकर म्हणतात. तिचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे नीट रोखला तर २०० मिलिमीटरपर्यंत एक-दोन मिनिटांच्या फ्रेम वेगळ्या मार्गदर्शक कॅमेऱ्याशिवाय मिळतात. ज्यांना ट्रॅकरही घ्यायचा नाही त्यांच्यासाठी बिजागरीने जोडलेल्या दोन फळ्यांची बैठक आहे. बिजागरीपासून २२८.६ मिलिमीटरवर १ मिलिमीटर आट्यांचा बोल्ट लावून तो मिनिटाला एक फेरा फिरवायचा, की वरची फळी ताऱ्यांच्या गतीने उघडत जाते. सरळ बोल्टमुळे काही मिनिटांनी चूक साचू लागते, तोवर बोल्ट मागे घेऊन पुन्हा सुरुवात करायची. ही बैठक एकदा तरी स्वतः बनवावी. आकाशाची गती बोटांना कळते ती तिथेच.

साध्या डिजिटल कॅमेऱ्याची अडचण त्याच्या सेन्सरपुढच्या काचेत असते. माणसांच्या चेहऱ्यांचे रंग बरोबर यावेत म्हणून ती लाल टोकाचा प्रकाश कापते आणि ६५६.३ नॅनोमीटरचा साधारण पाव हिस्साच आत सोडते. ही काच काढून घेतलेले, बोलीत ‘मॉडिफाइड’, कॅमेरे यासाठी वापरतात. कॅननने २०डीए (२००५) आणि ईओएस आरए (२०१९), निकॉनने डी८१०ए (२०१५) असे कॅमेरे मुद्दाम काढले होते. काच न काढताही काम होते, फक्त त्या लाल प्रकाशासाठी वेळ कितीतरी जास्त द्यावा लागतो.

फिल्टर

तापलेला वायू ठरावीक लांबीच्या प्रकाशातच चमकतो : हायड्रोजन-आल्फा ६५६.३, दोनदा आयनीभूत ऑक्सिजन ४९५.९ व ५००.७, गंधक ६७१.६ व ६७३.१ नॅनोमीटर. आकाशातला कृत्रिम उजेड आणि चांदणे साऱ्या रंगांत पसरलेले असते. ७ नॅनोमीटर रुंदीची फट ठेवणारा फिल्टर सुमारे ३०० नॅनोमीटरच्या दृश्य पट्ट्यातला बहुतेक उजेड अडवतो आणि मेघाचा प्रकाश जवळजवळ पूर्ण येऊ देतो. शहरातून मंद मेघ टिपण्याचा खरा मार्ग हाच. हायड्रोजन आणि ऑक्सिजन या दोन्ही फटी असलेला फिल्टर रंगीत कॅमेऱ्यावर चालतो. चांदण्यात हायड्रोजन निभावतो; ऑक्सिजनला ते जास्त बाधते.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. फार अरुंद फिल्टर एफ/२ सारख्या वेगवान, म्हणजे ते गुणोत्तर लहान असलेल्या, लेन्सच्या मागे लावला तर तिरप्या किरणांसाठी त्याची फट निळ्या बाजूला सरकते आणि नेमकी हवी ती रेषा निसटते. दुसरी जास्त महत्त्वाची : कृत्तिकांभोवतीचा धुळीचा मेघ ताऱ्यांचा प्रकाश नुसता परावर्तित करतो. त्याच्यात ठरावीक रेषा नाहीत, म्हणून फिल्टरने मेघ आणि आकाश दोन्ही सारखेच कापले जातात. परावर्तन मेघ, कृष्णमेघ आणि आकाशगंगेच्या एकत्रित उजेडाने उजळलेली धूसर धूळ यांना काळोख्या आकाशाशिवाय पर्याय नाही. जुने प्रकाशप्रदूषण फिल्टर सोडियम दिव्यांच्या रेषा छान अडवत. पांढऱ्या एलईडीपुढे त्यांचा उपयोग घटला आहे.

रात्रीचे काम

फोकस एखाद्या ठळक ताऱ्यावर, शक्यतो बाहतिनोव्ह मास्क लावून करतात. पावेल बाहतिनोव्ह यांनी २००५ मध्ये सुचवलेल्या या जाळीमुळे ताऱ्याला तीन किरण फुटतात आणि मधला किरण नेमका मध्यभागी आला की फोकस साधला. रात्र थंड होत जाते तसा फोकस सरकतो, म्हणून तो मधून मधून पाहावा लागतो.

एकेका फ्रेमची लांबी किती, यावर फार वाद होतात. आकाशाचा चढउतार सेन्सरच्या वाचन-गोंगाटाहून, म्हणजे फ्रेम वाचून घेताना सेन्सर स्वतः घालतो त्या गोंगाटाहून, बराच मोठा झाला की फ्रेम पुरेशी लांब झाली. आजच्या सेन्सरांचा वाचन-गोंगाट १ ते ३ इलेक्ट्रॉन असतो. तो ३ धरला तरी पिक्सेलवर आकाशाचे ९० इलेक्ट्रॉन जमले की पुढे फ्रेम लांबवून फारसे हाती लागत नाही. वेगवान लेन्सवर एक-दोन मिनिटे पुरतात, अरुंद फिल्टरवर पाच किंवा जास्त. दोन फ्रेममध्ये कॅमेरा काही पिक्सेल इकडेतिकडे सरकवणे, म्हणजे डिदरिंग, मात्र टाळू नये. नाहीतर सेन्सरचे ठरावीक डाग एकमेकांवर बसत जाऊन चित्रात तिरपे ओरखडे उमटतात, आणि ते नंतर निघत नाहीत.

सेन्सरच्या उष्णतेने जमणारे खोटे इलेक्ट्रॉन दर सहा-सात अंशांनी साधारण दुप्पट होतात, ते वजा करण्यासाठी त्याच तापमानाला झाकण लावून डार्क फ्रेम घेतात. फ्लॅट फ्रेम, म्हणजे एकसारख्या उजळ पडद्याची चित्रे, त्याहून महत्त्वाची. वरच्या उदाहरणात मेघ आकाशाच्या एक टक्का होता. लेन्सच्या कडांना दोन टक्के अंधार येत असेल किंवा सेन्सरवर एक धुळीचा कण असेल, तर ती चूकच मेघापेक्षा मोठी होते. फ्लॅटशिवाय मंद मेघाचे चित्र घेऊ नये, इतके हे ठाम आहे.

प्रक्रिया आणि खरेपणा

जमलेल्या फ्रेम ताऱ्यांवर जुळवून एकत्र करतात. डीपस्कायस्टॅकर आणि सिरिल ही मोफत सॉफ्टवेअर त्याला पुरतात. उपग्रहांचे पट्टे आकडेशास्त्रीय छाटणीने निघून जातात. मग आकाशाचा चढता-उतरता उजेड वजा करतात. इथे हात सैल सुटला तर धोका असतो : पार्श्वभूमी म्हणून खुणावलेला बिंदू खऱ्या मेघावर पडला, तर जे टिपायला रात्री खर्ची घातल्या तेच पुसले जाते. शेवटी अंधारातले फरक ताणून दृश्य केले जातात, याला स्ट्रेच म्हणतात. रंग ही बऱ्याच अंशी निवड असते. गंधक लाल, हायड्रोजन हिरवा आणि ऑक्सिजन निळा दाखवणे गैर नाही, मात्र तसे सांगितले पाहिजे. गोंगाट काढणारी शिकलेली संगणकीय साधने अपुऱ्या माहितीतून नसलेले धागेही विणतात, आणि हे गैर आहे.

मेघ खरा की भास, हा प्रश्न पोकळ नाही. जानेवारी २००४ मध्ये जे मॅकनील या हौशी निरीक्षकाच्या ३ इंची दुर्बिणीच्या चित्रात एम ७८ या तेजोमेघाजवळ पूर्वी न नोंदलेला मेघ दिसला. एका तरुण ताऱ्याच्या उद्रेकाने तो उजळला होता, आणि आज तो मॅकनीलचा तेजोमेघ म्हणून ओळखला जातो. २०२२ मध्ये मार्सेल ड्रेक्सलर, झेविअर स्ट्रॉटनर आणि यान सँती या हौशी मंडळींना देवयानी दीर्घिकेच्या शेजारी ऑक्सिजनच्या प्रकाशातली एक लांबलचक कमान सापडली. दुर्बीण १०६ मिलिमीटरची, एकूण एक्सपोजर शंभर तासांहून जास्त. देवयानीची असंख्य छायाचित्रे त्याआधी निघाली होती. त्या एका रंगात इतका वेळ कोणी तिथे थांबले नव्हते. कमान जाहीर करण्याआधी इतर ठिकाणांहून, निराळ्या दुर्बिणींनी ती पुन्हा टिपून खात्री करण्यात आली.

एकट्या निरीक्षकालाही अशी खात्री करता येते. फ्रेमचे दोन गट पाडून दोन स्वतंत्र चित्रे बनवावीत; शक्य तर दुसऱ्या गटाच्या रात्री कॅमेरा नव्वद अंशांत फिरवून घ्यावा. ठळक ताऱ्याच्या परावर्तनाची झाक किंवा सेन्सरचा दोष कॅमेऱ्याबरोबर फिरतो. मेघ ताऱ्यांच्या संगतीने जागच्या जागी राहतो.