जंताचं आयुष्य जितकं, मोहीम तितकी

नारू या जंताच्या रोगावर औषध नाही, लस नाही, आणि एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होणार नाही अशी खात्रीही नाही. तरी १९८६ च्या सुमारास आफ्रिका-आशियातल्या २१ देशांत मिळून वर्षाला साधारण ३५ लाख लोकांना होणारा हा रोग २०२४ मध्ये जगभरात १५ माणसांना झाला. पंधरा लाख नव्हे, पंधरा.

नारूचा सगळा कारभार पाण्यातून चालतो. उघड्या तळ्यातलं पाणी प्यायलं की सायक्लॉप्स नावाच्या बारीक पाणकिड्यांबरोबर नारूच्या अळ्या पोटात जातात. वर्षभर काही कळत नाही. मग बहुधा पायावर फोड येतो, आग आग होते, आणि फोड फुटून दोऱ्यासारखा पांढरा जंत डोकावतो. मादीची लांबी मीटरभर असू शकते. हिसका दिला तर ती तुटते आणि जखम चिघळते, म्हणून काडीला गुंडाळून रोज थोडीथोडी बाहेर काढायची. यात आठवडेच्या आठवडे जातात. आग शमवायला माणूस पाय तळ्यात बुडवतो, आणि मादीला हवं असतं ते हेच. पाणी लागताच ती लाखो अळ्या सोडते, सायक्लॉप्स त्या गिळतात, की पुढची फेरी सुरू. ही फेरी मोडायच्या मुख्य जागा दोनच आहेत. पिण्याचं पाणी दाट विणीच्या कापडातून गाळायचं आणि फोड आलेल्या माणसाला तळ्यात उतरू द्यायचं नाही. जोडीला तळ्यात सायक्लॉप्स मारणारं टेमेफॉस टाकायचं. गावोगावच्या स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं हेच केलं. आता घोडं अडलंय ते कुत्र्यांपाशी: चाड देशात शेकडो कुत्र्यांना नारूची लागण झालेली आढळते, आणि कुत्र्याला पाण्यात उतरू नको हे समजावणार कोण? त्याला बांधूनच ठेवावं लागतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगां’च्या यादीत नारूबरोबर हत्तीरोग, कुष्ठरोग, काळा आजार, खुपऱ्या असे एकवीस रोग आणि रोगगट आहेत. सर्पदंशही २०१७ पासून त्यात आहे. शंभर कोटींहून जास्त लोक या रोगांच्या तावडीत आहेत. ‘दुर्लक्षित’ हा शब्द मला नेहमी खटकतो, कारण दुर्लक्ष कोणी केलं हे तो सांगत नाही. ज्याच्या पायात जंत आहे त्याने तर नक्कीच केलेलं नाही. आफ्रिकेतल्या निद्रारोगाचं घ्या. रोग मेंदूपर्यंत पोचला की मेलार्सोप्रोल हे आर्सेनिकयुक्त औषध शिरेतून द्यायचे. उपचार घेणाऱ्या दर वीसांतला साधारण एक जण त्या औषधानेच दगावायचा, आणि तरी ते कित्येक दशकं वापरात राहिलं. रोगी गरीब, म्हणून नव्या औषधाला गिऱ्हाईक नाही. नफ्यासाठी न चालणाऱ्या डीएनडीआय या संस्थेने पुढाकार घेतल्यावर फेक्सिनिडाझोलच्या गोळ्या आल्या, त्या २०१८ मध्ये.

औषध असूनही रोग हटत नाही, ही गोष्ट मला याहून गुंतागुंतीची वाटते. हत्तीरोगाच्या गोळ्या स्वस्त आहेत, कंपन्या त्या दानही करतात. डासामार्फत शिरलेले जंत लसिकावाहिन्यांत, म्हणजे अंगातला लसिका हा द्रव वाहून नेणाऱ्या नळ्यांत, ठाण मांडतात आणि सहा ते आठ वर्षं जगतात. तेवढा काळ ते रक्तात सूक्ष्म पिल्लं, म्हणजे मायक्रोफिलेरिया, सोडत राहतात. डीईसी आणि अल्बेंडाझोल या गोळ्या पिल्लांना झपाट्याने मारतात, पण मोठे जंत त्यांना सहसा पुरून उरतात. मग उपाय एकच: जंत म्हातारे होऊन मरेपर्यंत दर वर्षी पिल्लांचा बंदोबस्त करायचा, म्हणजे डासाला पुढे न्यायला काही मिळत नाही. म्हणून मोहीम किमान पाच वर्षं चालवायची आणि दर फेरीत एकूण लोकसंख्येपैकी निदान ६५ टक्के लोकांनी गोळ्या गिळायच्या. वाटलेल्या गोळ्या इथे मोजायच्या नाहीत, पोटात गेलेल्याच मोजायच्या. आयव्हरमेक्टिन या तिसऱ्या औषधाची भर घातली तर कमी फेऱ्या पुरतात, पण डीईसी सगळीकडे चालत नाही. नदी-अंधत्व या दुसऱ्या जंतरोगाचे जंत असलेल्या माणसाला ते दिलं तर डोळ्यांना इजा होऊ शकते.

आता गोळी घेणाऱ्याच्या जागी उभं राहून बघा. ज्याला काही होत नाही त्याला सांगायचं, औषध घे. रक्तात मायक्रोफिलेरिया असतील तर ते मरताना ताप येतो, डोकं दुखतं. म्हणजे धडधाकट माणूस गोळी घेऊन अंथरुणाला खिळतो आणि शेजारी ते बघतात. शास्त्राच्या हिशेबी औषध लागू पडल्याची ही खूण, शेजाऱ्यांच्या हिशेबी औषध बाधल्याची. पुढच्या वर्षी निम्मी आळी गोळी तळहातावर घेते आणि पाठ फिरली की फेकून देते. त्यांना अडाणी म्हणणं सोपं आहे, पण आधी सांगितलं नसेल तर त्यांचा निष्कर्ष चुकीचा कसा म्हणायचा? आणि ज्याचा पाय आधीच सुजलाय त्याला या गोळीने फारसा उतार पडत नाही. त्याला हवं असतं ते साबण-पाणी, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवण्याची सवय, पाय उंचावर ठेवायला सवड, आणि अंडवृद्धी असेल तर शस्त्रक्रिया. रोज पाय धुतल्याने जंतुसंसर्गाचे तापाचे झटके खरोखर कमी होतात. त्या पायाकडे कोणी पाहिलंच नाही, तर त्याच्या घरच्यांनी मोहिमेवर विश्वास का ठेवावा?

गोगलगायींमार्फत पसरणाऱ्या बिलहार्झिया या जंतरोगात वेगळीच पंचाईत होते. प्राझिक्वांटेलच्या गोळ्यांनी जंत मरतात, पण मूल दुसऱ्या दिवशी त्याच ओढ्यात उतरतं, कारण अंघोळीला आणि धुण्याला दुसरं पाणीच नाही. संडास नसेल तर जंतांची अंडी पुन्हा ओढ्यात जातात. नळ येईपर्यंत गोळ्यांचं चक्र थांबत नाही.

हत्तीरोगाची मोहीम मात्र कधीतरी थांबवायची असते, आणि ती वेळ ठरते सहा-सात वर्षांच्या मुलांच्या रक्तावरून. मोठ्यांच्या अंगात जुना जंत सापडला तर तो कधीचा हे कळत नाही. ही मुलं मोहीम सुरू होण्याच्या आगेमागे जन्मलेली. बोटाला टोचून काढलेल्या थेंबात जंताचं प्रतिजन, म्हणजे जंत अंगात असल्याची खूण देणारा पदार्थ, निघालं, तर तो जंत अलीकडेच आत शिरला आहे. अशी मुलं ठरलेल्या मर्यादेहून जास्त निघाली की गोळ्यांच्या फेऱ्या पुन्हा सुरू.