मावशीच्या इरकलीवरच्या लाटा

लग्नाच्या हॉलबाहेर काढलेला फोटो फोनवर झकास दिसत होता. मधोमध मावशी, अंगावर बारीक उभ्या रेघांची इरकल. तो सोशल मीडियावर टाकला आणि अर्ध्या तासात मावशीचा फोन आला. "अरे, माझ्या साडीवर ह्या लाटा कसल्या आल्यात?" बघतो तर खरंच, इरकलीवर रुंद, गडद-फिके पट्टे वळवळत होते. असे पट्टे त्या साडीवर नव्हतेच.

गुन्हेगार मीच. फोटो स्पष्ट दिसावा म्हणून शहाणपणा करून कुठल्याशा फुकट ॲपने तो आधीच लहान केला होता. लहान करायलाच हवा होता, त्यात चूक नाही. फोनचा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० ठिपके (पिक्सेल) रुंद आणि ३००० उंच असतो, म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके. इन्स्टाग्रामने २०१५ साली फोटोची रुंदी ६४० वरून १०८० पिक्सेलवर नेली, आणि तेव्हापासून १०८० हाच आकडा फोटो टाकणाऱ्यांच्या तोंडी बसला. त्या मापात माझ्या फोटोचे जेमतेम पावणेनऊ लाख ठिपके उरतात. दर चौदा ठिपक्यांमागे एक. प्रश्न असा की तो एक ठरवायचा कसा?

आळशी पद्धत सोपी आहे. साधारण दर ३.७ ठिपक्यांनी एक उचलायचा, बाकीचे सोडून द्यायचे. आता इरकल बघा. समजा एक गडद आणि एक फिकी रेघ मिळून मूळ फोटोत ४ पिक्सेल जागा घेतात. म्हणजे पूर्ण रुंदीला १००० जोड्या. त्या टिपायला आपल्याकडे ठिपके १०८०. प्रत्येक ठिपका रेघेवर किंचित वेगळ्या जागी पडतो, एकदा गडद भागावर, पुढे थोडा सरकून, मग आणखी सरकून फिक्या भागावर. हे सरकणं पूर्ण रुंदीत १०८० वजा १०००, म्हणजे बरोबर ८० वेळा गडदावरून फिक्यावर जाऊन परत येतं. ह्याच त्या ८० खोट्या लाटा. साडी चुण्यांपाशी वळते तिथे त्याही वळतात, म्हणून वळवळ. सिनेमात धावत्या टांग्याचं चाक उलटं फिरताना दिसतं, त्याचंही कारण हेच. तिथे सेकंदाला २४ चित्रं पुरत नाहीत, इथे ओळीतले ठिपके.

एक जोडी टिपायला किमान दोन ठिपके लागतात, हा त्यातला नियम. त्याची पायाभरणी हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये तारेच्या संदेशांचा अभ्यास करताना केली आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये तो नीट मांडला. १०८० ठिपक्यांत त्यामुळे ५४० जोड्याच मावतात. हजार मावणारच नाहीत, कोणतंही ॲप आणा.

चांगलं सॉफ्टवेअर म्हणून ठिपके उचलत नाही, आसपासच्या ठिपक्यांची भारित सरासरी काढतं, म्हणजे जवळच्या ठिपक्याला जास्त वजन. 'बायक्युबिक' किंवा 'लान्झोस' हे पर्याय त्यासाठीच असतात (दुसरा हंगेरियन गणिती कॉर्नेलियस लान्झोस यांच्या नावाचा). सरासरीतही एक मेख आहे. फाइलमधले ठिपक्यांच्या उजेडाचे आकडे प्रकाशाच्या प्रमाणात नसतात. पूर्ण काळा ० आणि पूर्ण पांढरा २५५, त्यांची सरासरी १२७. पण निम्मा प्रकाश प्रत्यक्षात १८८ च्या आसपास नोंदवला जातो. कित्येक ॲप सरळ आकड्यांचीच सरासरी काढतात. रात्री पेटलेल्या दीपमाळेचा फोटो लहान केल्यावर दिवे मंदावल्यासारखे वाटतात ते त्यामुळे.

सरासरी म्हटली की फोटो मऊ पडणारच. त्यावर उतारा म्हणजे शार्पनिंग, आणि ती शुद्ध डोळ्यांची फसवणूक आहे. कडेच्या उजळ बाजूला किंचित आणखी उजळ आणि गडद बाजूला आणखी गडद करायचं, बस्स. नवा तपशील एक कणही येत नाही. पण आपला डोळा मुळातच कडा वाढवून बघतो, हे अर्न्स्ट माख यांनी १८६५ मध्ये दाखवलं होतं, आणि शार्पनिंग त्याच सवयीचा फायदा उठवतं. डार्करूममध्ये हेच काम निगेटिव्हची मुद्दाम धूसर केलेली प्रत तिच्यावर ठेवून करत. 'अनशार्प मास्क' हे चमत्कारिक नाव तिथलं. शार्पनिंग लहान केल्यानंतरच करायचं. आधी केलं तर ती केसभर उजळ रेघ सरासरीत विरघळून जाते. आणि हात जड झाला की माणसांच्या डोक्याभोवती देवांसारखी प्रभा उमटते. कुटुंबाच्या फोटोत ती बरी दिसत नाही.

उरलेली कात्री जेपेगची, म्हणजे फोटोची फाइल दाबून लहान करायच्या पद्धतीची. ही पद्धत फोटोचे ८ × ८ ठिपक्यांचे चौकोन करते आणि प्रत्येक चौकोन ६४ ठरावीक लहरींच्या बेरजेत मांडते. त्यातल्या बारीक लहरी डोळ्याला फारशा जाणवत नाहीत, म्हणून आधी त्यांच्यावर गदा. हे गणित बेंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांचं. १९७२ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे त्यासाठी निधी मागितला, तो नाकारला गेला. तरी त्यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये शोधनिबंध छापलाच. आज तुमच्या फोनमधल्या बहुतेक फोटोंत तो राबतोय.

जेपेगमध्ये रंगाची काटकसर तर आणखी कडक. उजेडाची नोंद प्रत्येक ठिपक्याची, पण रंगाची बहुधा चार ठिपक्यांत मिळून एक. निळ्यावर लाल अक्षरांचे वाढदिवसाचे शुभेच्छाफलक धुरकट दिसतात ते ह्याने. अशा मजकुराला काहीही न गाळणारी पीएनजी फाइल बरी. आणि फोटो एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर पाठवताना प्रत्येक वेळी नव्याने दाबला गेला, तर तोटा साठत जातो.

तर मी मूळ फोटो पुन्हा घेतला. लान्झोसने थेट १०८० वर आणला, शेवटी एका पिक्सेलहून कमी त्रिज्येचं हलकं शार्पनिंग केलं. ठरलेल्या मापातच असल्यामुळे चढवताना त्याला पुन्हा लहान करायची वेळ आली नाही. दाबला गेला असेल, ते आपल्या हातात नाही. लाटा गेल्या. मावशीला पाठवला.

"आता ही साधी हिरवी साडी झाली," मावशी म्हणाली. "माझ्या रेघा कुठायत?"

बरोबरच होतं तिचं. हजार जोड्या मावत नाहीत म्हटल्यावर सरासरीने त्या पुसून एकरंगी केल्या होत्या. मग दोन्ही बाजूंचे काका-मामा कापले आणि मधला २००० पिक्सेलचा भाग ठेवला. आता जोड्या ५००, मर्यादा ५४०. रेघा आल्या, जरा फिक्या, पण आल्या. कापलेल्या काकांचा फोन अजून यायचाय.