दुर्बिणीतून 'किती लांबचं' दिसतं?

हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला भिगवणला गेलात आणि गळ्यात दुर्बीण असली, की कुणी ना कुणी विचारतंच, "हिच्यातून किती किलोमीटरपर्यंत दिसतं हो?" देवयानी दीर्घिका आपल्यापासून सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं लांब आहे आणि काळोख्या रात्री ती नुसत्या डोळ्यांनी दिसते. आता सांगा, डोळ्यांना किती किलोमीटरपर्यंत दिसतं?

दुर्बीण जितकी भारी तितकं लांबचं दिसतं, ही समजूत विक्रेत्यांनी बरोबर हेरली आहे. '१८०×१००' असे आकडे छापलेल्या, खिशात मावणाऱ्या दुर्बिणी ऑनलाइन सर्रास खपतात. पहिला आकडा वर्धनाचा, म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसणार त्याचा. दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. १०० मिलिमीटर म्हणजे १० सेंटिमीटर. घरातली पट्टी त्या भिंगावर धरली की थाप लगेच उघडी पडते.

बरं, वर्धन खरंच जास्त असलं तरी त्याचं करायचं काय? चित्राबरोबर हाताची थरथरही तितक्याच पटीने वाढते. दहापटीच्या पुढे स्टँडशिवाय भागत नाही. दृश्याचा घेरही आक्रसतो, त्यामुळे फांदीवरून उडालेला पक्षी पुन्हा शोधेपर्यंत तो पसार झालेला असतो. शिवाय दुपारी तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा चित्र लहरवते. त्या लहरीही मोठ्या होऊनच दिसतात.

माझ्या मते दुर्बिणीतली सगळी गंमत या दोन आकड्यांच्या भागाकारात आहे. ८×४२ ची दुर्बीण घ्या. ४२ भागिले ८, म्हणजे ५.२५. दुर्बीण हातभर लांब धरून उजळ आभाळाकडे रोखा (सूर्याकडे चुकूनही नाही!) आणि डोळा लावायच्या भिंगांकडे बघा. प्रत्येकात एक छोटी झगझगीत चकती दिसेल. तिचा व्यास ५.२५ मिलिमीटर. हिला एक्झिट प्यूपिल म्हणतात. आत आलेला सगळा प्रकाश या चकतीतूनच बाहेर पडतो.

आता डोळ्याची बाहुली. लख्ख उन्हात ती दोन-तीन मिलिमीटर असते. अंधारात तरुणपणी सातपर्यंत रुंदावते, साठीच्या आसपास बऱ्याच जणांची पाचावरच थांबते. संध्याकाळी तुमची बाहुली ५.२५ मिलिमीटर झाली आहे असं धरू. ४२ मिलिमीटरचं भिंग व्यासाने तिच्या आठपट, म्हणजे क्षेत्रफळाने ६४ पट. प्रकाशही ६४ पट गोळा होणार. पण चित्र लांबीत आठपट आणि रुंदीतही आठपट वाढलंय, म्हणजे तोच प्रकाश डोळ्याच्या पडद्यावर ६४ पट जागेत पसरणार. चौसष्ट चमचे तूप, चौसष्ट भाकऱ्या. प्रत्येकीच्या वाट्याला चमचाच. म्हणून कितीही महागडी दुर्बीण घ्या, झाड किंवा डोंगर तिच्यातून नुसत्या डोळ्यांपेक्षा उजळ दिसूच शकत नाही. फार तर तितकाच दिसेल.

त्याच संध्याकाळी खिशातली १०×२५ लावली तर? चकती अडीच मिलिमीटरची, बाहुलीच्या निम्म्याहून कमी. चित्राचा उजेड जेमतेम चौथाई. भर दुपारी मात्र बाहुलीच अडीच मिलिमीटर असते, तेव्हा ही चिमुकली आणि ती जाडजूड ८×४२ दोघी सारख्याच उजळ. मोठीचा जादा प्रकाश बुबुळावर पडून वाया जातो. १८०×१०० ची चकती किती? अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त. कल्पना करा!

मग तिन्हीसांजेला दुर्बिणीतून जास्त का दिसतं? अंधुक उजेडात काम करणाऱ्या डोळ्यातल्या दंडपेशी गटागटाने संदेश पाठवतात, त्यामुळे बारीक गोष्टी त्यांच्या हाती लागत नाहीत. आकृती मोठी झाली की ती अनेक गटांवर पसरते आणि मेंदूला आकार उमगतो. ताऱ्यांचं गणित निराळं. तारा बिंदूच राहतो, प्रकाश पसरत नाही, त्यामुळे तो खरोखरच उजळतो. कृत्तिकेत नुसत्या डोळ्यांना सहा-सात तारे दिसतात, दुर्बिणीत डझनावारी.

   

काचेबद्दल थोडंच. उघड्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. असे दहा पृष्ठभाग ओलांडले की तिसरा हिस्सा गायब. झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये यावर पातळ लेपाचा उपाय काढला. आज खोक्यावर 'फुल्ली मल्टिकोटेड', म्हणजे काचेच्या सगळ्या पृष्ठभागांवर लेपाचे अनेक थर, असं लिहिलेलं असावं. लालभडक चमकणारी भिंगं 'नाइट व्हिजन' म्हणून खपवतात, पण त्या लेपाने लाल प्रकाश बाहेरच परततो आणि चित्र निळसर-हिरवं पडतं. रात्रीचं त्यातून काहीही जास्त दिसत नाही. मघाची चकती कडेने कापल्यासारखी, चौकोनी वाटली तर आतल्या लोलकांची (प्रिझमची) काच हलक्या दर्जाची, असं समजायला हरकत नाही.

पक्ष्यांसाठी ८×४२ घ्या, डोळे मिटून. तारेही बघायचे असतील तर १०×५०. वजन मात्र सोसावं लागेल. चष्मा असेल तर आय रिलीफ, म्हणजे डोळा भिंगापासून जितका लांब ठेवूनही पूर्ण चित्र दिसतं ते अंतर, किमान १५ मिलिमीटर हवा. आपल्या पावसाळ्यात वॉटरप्रूफ, नायट्रोजन भरलेलीच बरी, नाहीतर आतून वाफ धरते आणि मग भिंगांवर बुरशी. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. आणि दुकानात ट्यूबलाइटखाली दहाही दुर्बिणी छानच दिसतात, तेव्हा दिवस मावळताना जा आणि दाराबाहेर उभं राहून समोरच्या झाडाची सावलीतली पानं बघा.