दोन खिडक्यांचे गुणोत्तर : ल्युमिनेसन्सचा आयुष्यकाल झटपट मोजण्याची पार्श्वभूमी

प्रकाश टाकून उत्तेजित केलेला पदार्थ त्यानंतरही काही काळ स्वतः उजळतो (ल्युमिनेसन्स). तो किती वेळ उजळत राहतो, म्हणजे त्याचा आयुष्यकाल, हे मोजण्याचे प्रयत्न १८५० च्या दशकाच्या अखेरीस, छिद्रे पाडलेल्या फिरत्या तबकड्यांपासून सुरू झाले, आणि १९२० च्या दशकात प्रकाशाच्या कलाफरकावरून (टाकलेल्या आणि परत आलेल्या प्रकाशाच्या चढउतारांतील सरकेवरून) नॅनोसेकंदांपर्यंत पोहोचता आले. १९६० च्या दशकात एकेक फोटॉन मोजण्याची पद्धत आली. ती अत्यंत काटेकोर असली तरी संथ होती, कारण उत्तेजित करणाऱ्या प्रकाशाच्या शंभर स्पंदांमागे जास्तीत जास्त पाचेक फोटॉनच नोंदवायचे, असा दंडक पाळावा लागे. तो मोडल्यास आधी पोहोचणारे फोटॉन तेवढे मोजले जातात आणि आयुष्यकाल खोटाच कमी दिसतो.

या संथपणातून सुटका करणारी कल्पना १९८० च्या दशकात रूढ झाली. स्पंद संपल्यावर सारख्या रुंदीच्या, एकीला लागून एक अशा दोन खिडक्या, म्हणजे मोजणीचे दोन कालखंड, उघडायच्या, प्रत्येकीत जमा झालेला प्रकाश मोजायचा, आणि खिडकीच्या रुंदीला त्या दोन बेरजांच्या गुणोत्तराच्या नैसर्गिक लॉगरिदमने भागायचे, एवढीच ती कृती. पहिल्या खिडकीत दुसरीच्या चौपट प्रकाश असेल आणि खिडकी २ मायक्रोसेकंदांची असेल, तर आयुष्यकाल साधारण १.४४ मायक्रोसेकंद येतो. संपूर्ण वक्राशी जुळणी करण्याची गरज उरत नाही.

ही पद्धत ‘अंदाजी’ आहे, हा शिक्का तिच्यावर फार लवकर बसला आणि तो अन्यायाचा आहे. ऱ्हास एकाच घातांकाचा असेल, म्हणजे प्रकाश सारख्या काळात सारख्याच पटीने घटत असेल, तर हे सूत्र गणिताने तंतोतंत खरे आहे; प्रश्न फक्त गोंगाटाचा, म्हणजे मोजणीतील यादृच्छिक चढउतारांचा, उरतो. १९८९ मधील त्रुटी-विश्लेषणाने खिडकीची रुंदी आयुष्यकालाच्या सुमारे अडीचपट ठेवावी, असे दाखवले. त्या रुंदीला १०,००० फोटॉनांमागे सुमारे दीड टक्का अनिश्चितता राहते, आणि तेवढ्याच फोटॉनांतून कोणत्याही पद्धतीने गाठता येणारी मर्यादा एक टक्का आहे. वेगाची ही किंमत जड म्हणता येणार नाही. पार्श्वप्रकाश स्थिर असेल तर तो दुसरी खिडकी फुगवून आयुष्यकाल वाढवतो. त्यावर तिसऱ्या खिडकीचा उपाय आहे, मात्र त्यात गोंगाट वाढतो.

खरा गुंता ‘आयुष्यकाल’ या शब्दातच आहे. पॉलिमरमध्ये बसवलेल्या रुथेनियम संयुगांसारख्या नमुन्यांत प्रत्येक रेणूचा परिसर वेगळा असतो, म्हणून ऱ्हास एकाच घातांकाचा राहत नाही. समजा, सारख्याच आरंभीच्या तीव्रतेचे दोन घटक आहेत, एक १ मायक्रोसेकंदाचा आणि दुसरा ५ मायक्रोसेकंदांचा. आरंभीच्या तीव्रतेच्या भाराने सरासरी काढली तर ३ मायक्रोसेकंद मिळतात. एकूण प्रकाशातील वाट्याच्या भाराने काढली तर ४.३. दोन खिडक्यांची पद्धत मात्र १ मायक्रोसेकंदाच्या खिडक्यांनी २.२ दाखवते आणि ५ मायक्रोसेकंदांच्या खिडक्यांनी ३.९. नमुना तोच, प्रकाश तोच, आणि आकडे चार. यांपैकी प्रत्येकाला ‘आयुष्यकाल’ म्हटले जाते, आणि खिडक्यांची रुंदी न सांगता प्रसिद्ध झालेल्या आकड्याची दुसऱ्या प्रयोगशाळेतील आकड्याशी तुलना करणे निरर्थक ठरते. ज्यांना रेणूंची यंत्रणा समजून घ्यायची आहे त्यांचा आक्षेप येथे योग्य आहे. पण तो गुणोत्तरावर नव्हे, त्याला दिलेल्या नावावर घ्यायला हवा.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस यावर दोन दिशांनी काम झाले. दोन घटकांच्या ऱ्हासासाठी चार खिडक्या सुचवल्या गेल्या, पण त्यासाठी प्रकाश पुष्कळ जास्त लागतो. दुसरीकडे खिडक्या एकमेकींवर सरकवून ठेवण्याची मांडणी आली: रुंदी सारखी ठेवून सूत्रात रुंदीच्या जागी दोन खिडक्यांच्या आरंभांमधले अंतर घातले, की बाकी सूत्र बदलत नाही, मात्र दुसऱ्या खिडकीत जास्त फोटॉन येतात आणि उपयोगी पल्ला रुंदावतो.

याच सुमारास नियंत्रित झडपेचे, प्रकाश तीव्र करणारे कॅमेरे हाताशी आल्याने हिशेब चित्रातील प्रत्येक बिंदूसाठी करता येऊ लागला, आणि पुढे फोटॉन मोजणारे डायोड चिपवरच ओळीने बसवले गेल्यावर दोन गणक प्रत्येक बिंदूच्या शेजारी ठेवणे शक्य झाले. पवनबोगद्यांत विमानाच्या प्रतिकृतीवर दाब दाखवणारा लेप याच तत्त्वावर वाचला जातो. ऑक्सिजन त्या लेपाची दीप्ती लवकर विझवतो, म्हणून जिथे दाब जास्त तिथे ऱ्हास वेगवान असतो. तेथील काम करणारे बहुधा लॉगरिदमपर्यंत जातच नाहीत. दोन खिडक्यांचे गुणोत्तर ज्ञात दाबांवर थेट अंशांकित करून घेतात.