आस्क : एक इंग्रजी क्रियापद

आस्क हे इंग्रजीतले रोजच्या वापरातले क्रियापद. शाळेत त्याचा अर्थ 'विचारणे' असा शिकवतात. तो बरोबर आहे, पण तेवढ्यावर भागत नाही. मराठीत आपण पत्ता विचारतो, पाणी मागतो, दार लावायला सांगतो आणि पाहुण्यांना जेवायला बोलावतो. या चार कामांना चार क्रियापदे लागतात. इंग्रजीत चारही ठिकाणी आस्क चालते. नेमका अर्थ त्याच्या मागून येणाऱ्या शब्दांवरून कळतो. मागे 'फॉर' आला की मागणे. 'टू' आणि दुसरे क्रियापद आले की सांगणे किंवा विनंती करणे. 'अराउंड' आला की चार ठिकाणी चौकशी करणे. 'आउट' आला की एखाद्याला आपल्याबरोबर फिरायला येण्याविषयी विचारणे, आणि त्यात बहुधा मन गुंतलेले असते.

शब्दाचे मूळ पाहिले की हा पसारा का झाला ते उलगडते. आस्क हा अस्सल जर्मानिक, म्हणजे इंग्रजी, जर्मन आणि डच यांच्या समान कुळातला शब्द आहे. फ्रेंचमधून आलेला 'क्वेश्चन' आणि लॅटिन वळणाचा 'इंटरॉगेट' हे इंग्रजीत नंतर आले. त्यामुळे घरात, रस्त्यावर आस्क, साक्षीदाराला क्वेश्चन आणि पोलीस कोठडीत इंटरॉगेट अशी चढती भाजणी तयार झाली. मराठीत विचारणे, चौकशी करणे आणि जाब विचारणे यांत साधारण असाच चढ आहे. आस्कच्या नात्यातला डच शब्द 'हक्काने मागणे' या अर्थाचा आहे, रशियन शब्द 'शोधणे' या अर्थाचा, आणि संस्कृतात त्याचा सख्खा भाऊ म्हणजे इष् धातू. इच्छा, एषणा, अन्वेषण हे शब्द त्याच धातूचे. म्हणजे आस्कच्या तळाशी प्रश्न नव्हताच. काहीतरी हवे असणे आणि ते शोधणे होते. ज्याला हवे असते तो विचारतो, मागतो, सांगतो आणि बोलावतोही.

प्रश्न ज्यावरून आला तो धातू वेगळा, प्रच्छ्. जर्मन भाषेत त्याचे भावंड आजही 'विचारणे' याच अर्थी रोज वापरले जाते. जुन्या इंग्रजीतही ते होते, पण पुढे लोप पावले आणि सगळा भार आस्कवर आला. मराठीत मात्र प्रच्छ् टिकला. प्राकृतातल्या 'पुच्छ'वरून आपले पुसणे आले. संतवाङ्मयात विचारण्यासाठी हाच शब्द जागोजागी भेटतो. प्रमाण मराठीत आज पुसणे म्हटले की फडके आठवते, पण तो वेगळ्या मुळाचा शब्द. जुने पुसणे 'विचारपूस' या जोडशब्दात आणि 'आता कोणी पुसत नाही' यासारख्या बोलण्यात शिल्लक आहे. मागणे हे क्रियापदही मूळचे शोधण्याचेच, मार्ग् धातूवरून आलेले. आणि विचारणे? त्याचा जन्म 'विचार' या शब्दातून झाला. हिंदी आणि गुजरातीत याच रूपाच्या क्रियापदाचा अर्थ 'विचार करणे' असा होतो. मराठी आणि कोकणीने मात्र मनातला विचार दुसऱ्याच्या पुढ्यात ठेवला आणि त्याचा प्रश्न केला.

जुन्या इंग्रजीत आस्कची दोन रूपे सोबत नांदत होती: एकात 'स' आधी आणि 'क' नंतर, दुसऱ्यात त्याच्या उलट. दुसरे रूप, म्हणजे 'ॲक्स', कित्येक शतके लिहिण्याबोलण्यात प्रतिष्ठित होते. चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर याने ते वापरले. माइल्स कव्हरडेल यांच्या १५३५ सालच्या इंग्रजी बायबलातही मत्तयकृत शुभवर्तमानातले प्रसिद्ध वचन 'ॲक्स' या शब्दाने सुरू होते. १६११ च्या किंग जेम्स आवृत्तीत त्या जागी 'आस्क' आहे, आणि मराठी बायबलात तिथे 'मागा' आहे: 'मागा म्हणजे तुम्हाला दिले जाईल'. पुढे प्रमाण इंग्रजीने एक रूप ठेवले, दुसरे टाकले. टाकलेले रूप मात्र इंग्लंडच्या काही बोलींत, कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या इंग्रजीत जिवंत राहिले. ते ऐकून बोलणाऱ्याला अशिक्षित ठरवण्याची रीत आजही आहे. ती अन्यायाची आहे. हजार वर्षांचा वारसा असलेला शब्द कोणाच्या तोंडी राहिला, एवढ्यावरून त्याची पायरी ठरवली गेली. मराठी कानाला हा प्रकार नवा नाही. 'नुकसान' म्हणणारा शहाणा आणि 'नुस्कान' म्हणणारा अडाणी हा निवाडा आपणही असाच 'क' आणि 'स' यांच्या अदलाबदलीवरून देतो.

उच्चाराची आणखी एक गोष्ट. दक्षिण इंग्लंडमध्ये 'आस्क', अमेरिकेत आणि उत्तर इंग्लंडच्या बऱ्याच भागात 'ॲस्क'. भूतकाळी रूपाच्या शेवटी लिहिताना 'ड' दिसत असला, तरी बोलताना 'ट' येतो. स, क आणि ट असे तीन व्यंजन एकावर एक आल्यामुळे घाईच्या बोलण्यात मधला 'क' गळून 'आस्ट' एवढेच ऐकू येते. मराठी शाळेत 'आस्क्ड' हे रूप एकेक अक्षर जपून म्हणायला शिकलेल्या मुलाला परदेशात गेल्यावर पहिले काही दिवस हा भूतकाळ ऐकूच येत नाही.

मराठी माणसाचा खरा घोटाळा होतो तो व्याकरणात. 'मी त्याला विचारले' यातला 'ला' इंग्रजीत जाताना 'टू' होऊन बसतो आणि 'आय आस्क्ड टू हिम' असे वाक्य तयार होते. इंग्रजीत आस्कनंतर माणूस थेट येतो, मध्ये काही लागत नाही: 'आय आस्क्ड हिम'. त्यात 'सेड टू हिम' बरोबर असते, त्यामुळे गोंधळ वाढतो. दुसरी अडचण याहून खोल आहे. मराठी दुसऱ्याचा प्रश्न जसाच्या तसा उचलून ठेवते: 'तू कुठे राहतोस, असे सरांनी मला विचारले.' प्रश्न पूर्ण, त्यातला 'तू'सुद्धा सरांचाच. इंग्रजी तो प्रश्न मोडते, 'तू'चा 'मी' करते, काळ मागे नेते आणि प्रश्नाचा शब्दक्रम काढून टाकते: 'ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह्ड'. म्हणून आपल्याकडची मुले 'व्हेअर डिड आय लिव्ह' असे लिहितात आणि गुण घालवतात. अशा मुलाला मराठी चोख येत असते, हे शिकवणाऱ्याने आधी ओळखावे. मराठी आणि इंग्रजी वाक्ये फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली, तर नियम पाठ करून घ्यावा लागत नाही.

'आस्क ए डाउट' हा प्रयोग वेगळा. तो 'शंका विचारणे' याचे सरळ रूप आहे आणि भारतभरच्या वर्गांत रुळला आहे. इंग्लंडमध्ये डाउट म्हणजे अविश्वास किंवा साशंकता, त्यामुळे तिथला शिक्षक क्षणभर दचकेल. भारतीय इंग्रजीत मात्र तो चुकीचा मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बाहेर बोलताना अर्थ बदलतो एवढे लक्षात ठेवले की पुरे.

आस्क आणि सांगणे यांचे नाते सर्वांत नाजूक. 'डॉक्टरांनी आठ दिवस विश्रांती घ्यायला सांगितलीय' हे वाक्य इंग्रजीत नेताना आपल्या ओठांवर बरेचदा 'आस्क्ड' येते. इंग्रज तिथे सहसा 'टोल्ड' म्हणतो. मराठी 'सांगणे' हुकूमही असते आणि आर्जवही; कोण कोणाला सांगतोय आणि आवाज कसा आहे, यावर ते ठरते. इंग्रजीत टेल आणि आस्क असे दोन शब्द असल्याने बोलणाऱ्याला निवड करावी लागते. वरिष्ठ हाताखालच्या माणसाला आस्क करतो तेव्हा तो बहुतेकदा आज्ञाच देत असतो, फक्त विनंतीच्या रूपात. 'आय आस्क्ड टू लीव्ह' म्हणजे मी निघण्याची परवानगी मागितली. 'आय वॉज आस्क्ड टू लीव्ह' म्हणजे मला निघून जायला सांगितले. कर्मणी प्रयोगाच्या एका फरकाने मागणारा बाजूला होतो आणि हाकललेला उरतो.

बाजारात ही गंमत अजून एकदा दिसते. मंडईत आपण विचारतो, 'भाऊ, याचे किती सांगता?' इंग्रजीत विकणारा किंमत सांगत नाही, आस्क करतो. घर विकायला काढले की त्याची 'आस्किंग प्राइस' जाहीर होते, आणि ती उतरू शकते हे दोन्ही बाजूंना माहीत असते. शेअर बाजारात हाच शब्द नाम झाला. विकणाऱ्यांनी लावलेल्या भावांपैकी सर्वांत कमी भाव म्हणजे आस्क, घेणाऱ्यांनी देऊ केलेल्यांपैकी सर्वांत जास्त भाव म्हणजे बिड, आणि दोहोंतले अंतर म्हणजे स्प्रेड. ज्या शेअरची उलाढाल भरपूर, त्याचा स्प्रेड अरुंद. क्रिकेटमध्ये उरलेल्या चेंडूंत लागणाऱ्या धावांच्या गतीला 'आस्किंग रेट' म्हणतात; मराठी समालोचनात त्यालाच आवश्यक धावगती म्हणतात. अवघड लक्ष्याला 'बिग आस्क' म्हणण्याची पद्धत ऑस्ट्रेलियातल्या क्रीडाविषयक लिखाणातून पसरली. तिथून हे नाम कंपन्यांत शिरले आणि आता पुण्यातल्या आयटी कंपन्यांत 'क्लायंटचा आस्क काय आहे?' असे सर्रास ऐकू येते. 'मागणी' किंवा 'अपेक्षा' तिथे नेमके बसते, तरी कोणी वापरत नाही, याचे वाईट वाटते.

लग्नाच्या बाबतीत दोन्ही भाषा जवळ येतात. तिकडे मुलीचा हात आस्क करतात, इकडे मागणी घालतात. इंग्लंडच्या चर्चमध्ये विवाहापूर्वी तीन रविवारी जाहीर पुकारा करून कोणाची हरकत आहे का, हे विचारतात. ज्या जोडप्याचा असा पुकारा झाला, ते 'चर्चमध्ये आस्क झाले' असे बोलीत म्हणत. काही वाक्प्रयोग तर शब्दाला शब्द जुळतात: 'इफ यू आस्क मी' म्हणजे मला विचाराल तर, आणि 'हू आस्क्ड यू?' म्हणजे तुला कोणी विचारलं?

एक जागा मात्र जुळता जुळता निसटते. गावाकडून आलेला माणूस दारात चप्पल काढता काढता म्हणतो, 'काकूंनी तुम्हाला विचारलंय.' काय विचारलंय, असे मराठी घरात कोणीही म्हणणार नाही. निघतानाही त्याला सांगतात, 'त्यांनाही विचारलं म्हणून सांग.' या विचारण्याला प्रश्न नसतो, उत्तर नसते. तब्येतीची काळजी आणि आठवण एवढेच असते. शब्दशः 'आँट आस्क्ड यू' म्हटले की इंग्रज पुढच्या शब्दाची वाट पाहत राहतो. त्याच्याकडे यासाठी 'आस्क आफ्टर' आहे: 'शी वॉज आस्किंग आफ्टर यू'. स्कॉटलंडमध्ये आणि उत्तर आयर्लंडमध्ये याच अर्थी 'आस्किंग फॉर यू' म्हणतात.