चेतापेशींचे स्थलांतर आणि रासायनिक संकेत

गर्भाच्या मेंदूत चेतापेशी जिथे जन्मते तिथे ती सहसा राहत नाही. मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेला पेशीविभाजन चालते. तिथून निघून तिला ठरलेल्या थरात किंवा केंद्रकात (चेतापेशींच्या पुंजक्यात) पोचायचे असते. वाटेतल्या आणि मुक्कामाच्या पेशी जी प्रथिने सोडतात, त्यांवरून तिला दिशा मिळते. काही प्रथिने पेशीला ओढतात, काही दूर लोटतात, असे पाठ्यपुस्तकांत सांगितलेले असते. हे अर्धेच खरे आहे. प्रथिन एकच असले तरी कोणत्या पेशीला ते ‘ये’ म्हणेल आणि कोणाला ‘हो बाजूला’, हे तिच्या पृष्ठभागावर कोणता ग्राही (संकेत पकडणारे प्रथिन) आहे त्यावर ठरते.

नेट्रिन हे त्याचे ठळक उदाहरण. १९९४ मध्ये मार्क तेसिए-लाविन्य यांच्या गटाने कोंबडीच्या गर्भांच्या मेंदूतून ते वेगळे केले आणि नाव दिले संस्कृत ‘नेतृ’ शब्दावरून. आपला ‘नेता’ तिथलाच. डीसीसी हा ग्राही असलेली पेशी सहसा नेट्रिनकडे जाते, यूएनसी-५ असलेली त्यापासून दूर सरते. उंदराच्या पश्चमेंदूत वरच्या कडेला जन्मलेल्या काही पेशी वळसा घेत खाली पोटाच्या बाजूला येतात आणि तिथे पॉन्टाइन केंद्रके घडवतात. नेट्रिन-१ नसलेल्या उंदरांत ही केंद्रके जवळजवळ दिसतच नाहीत.

पेशी एकसारखी सरकत नाही. आधी पुढचा धागा लांबतो आणि चाचपतो, मग पेशीच्या आतले केंद्रक हिसका बसल्यासारखे त्यात ओढले जाते, पुन्हा थांबा. बाह्यकाच्या (मेंदूच्या बाहेरच्या थराच्या) बहुतेक उत्तेजक चेतापेशी रेडियल ग्लिया या आधारपेशींच्या उभ्या तंतूंना धरून वर चढतात. पाश्को राकिच यांनी १९७२ मध्ये माकडांच्या गर्भांत हे दाखवले. संदमक (इतर पेशींना शांत ठेवणाऱ्या) पेशींची वाट मात्र आडवी. त्या मेंदूच्या तळाकडच्या उंचवट्यांत जन्मतात. त्यांच्या पुढच्या धाग्याला फाटे फुटतात. अनुकूल संकेताकडचा फाटा टिकतो, दुसरा आखडला जातो. वाटेत मेंदूच्या आतला स्ट्रायटम हा भाग लागतो आणि तो सेमाफोरिन प्रथिने सोडतो. बाह्यकाकडे निघालेल्या पेशींवर न्यूरोपिलिन ग्राही असल्याने त्या हा भाग टाळून जातात. त्याच उंचवट्यात जन्मलेल्या काही बहिणींना मात्र स्ट्रायटममध्येच मुक्काम करायचा असतो. त्यांच्यात एनकेएक्स२-१ जनुक चालू राहते, ते न्यूरोपिलिन दाबून ठेवते आणि त्या बिनदिक्कत आत शिरतात.

रीलिन या आणखी एका संकेत-प्रथिनाची कहाणी एडिनबरोत सुरू होते. झोकांड्या खात चालणाऱ्या ‘रीलर’ उंदरांचे वर्णन डी. एस. फाल्कनर यांनी १९५१ मध्ये केले. त्यांच्यात बिघडलेले जनुक १९९५ मध्ये सापडले; रीलिन बनते ते त्याच्यावरून. निरोगी बाह्यकात नंतर जन्मलेल्या पेशी आधीच्यांना ओलांडून वर जातात. रीलरमध्ये हे ओलांडणे जमत नाही आणि थरांचा क्रम ढोबळमानाने उलटा होतो. रीलिन सोडतात त्या अगदी वरच्या थरातल्या काहाल-रेट्झियस पेशी. ते ‘थांब’ सांगते की ‘चल’, यावर बराच वाद झाला. पुढे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले की व्हीएलडीएलआर या ग्राहीमार्फत थांबण्याचा संकेत जातो, तर उशिरा जन्मलेल्या पेशींच्या चढाईसाठी एपीओईआर-२ लागतो. गंमत म्हणजे हे दोन्ही रक्तातल्या कोलेस्टेरॉलशी संबंधित ग्राहींच्या कुळातले आहेत. माणसात रीलिन जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असल्यास मेंदूवरच्या वळ्या नीट पडत नाहीत आणि अनुमस्तिष्क (मेंदूचा मागचा, तोल सांभाळणारा भाग) लहान राहते.

सगळ्यांत विलक्षण प्रवास वयात येण्याचे चक्र चालवणाऱ्या, जीएनआरएच हे संप्रेरक सोडणाऱ्या चेतापेशींचा. त्या जन्मतात मेंदूबाहेर, गर्भाच्या नाकाच्या ऊतीत, आणि वासाच्या चेतातंतूंसोबत हायपोथॅलॅमस या मेंदूतल्या संप्रेरक-नियंत्रक भागापर्यंत पोचतात. उंदरात त्या जेमतेम ८०० च्या आसपास असतात. माणसात ही वाट अडली की कालमन विकार होतो. फ्रान्झ कालमन यांनी १९४४ मध्ये त्याच्या आनुवंशिकतेचे वर्णन केले. एक्स गुणसूत्रावरचे एएनओएस-१ हे त्याला कारणीभूत असणाऱ्या जनुकांपैकी एक. अशा मुलाला वास येत नाही आणि मिसरूड फुटायच्या वयात ते फुटत नाही. बहुधा या दुसऱ्या तक्रारीमुळेच घरचे डॉक्टरकडे नेतात. वासाचा प्रश्न तिथे पहिल्यांदा विचारला जातो. संप्रेरके दिल्यावर मुलगा वयात येतो. वास मात्र येत नाही.