दऱ्याखोऱ्यांत हरवलेला शोध

संस्कृत ही संगणकासाठी सर्वांत योग्य भाषा आहे आणि ‘नासा’नेही ते मान्य केलंय, हा निरोप अधूनमधून फिरत असतो. मुळात 1985 साली रिक ब्रिग्ज या संशोधकाने संस्कृत व्याकरण आणि ज्ञान मांडण्याच्या संगणकीय पद्धती यांची तुलना करणारा एक लेख लिहिला होता, एवढंच. त्या जोरावर कुठलंही यान उडालेलं नाही. संगणकाला फक्त आकडे कळतात. कुठल्या अक्षराला कुठला आकडा द्यायचा, हे माणसं बैठका घेऊन ठरवतात. अमेरिकेत 1963 साली ठरलेल्या ‘आस्की’ या अक्षरांना आकडे देणाऱ्या तक्त्यात 128 जागा होत्या. त्यात डॉलरची सोय झाली, ‘अ’ची नाही.

देवनागरीचा तक्ता 1991 साली युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांना आकडे देणाऱ्या मानकात, आला तो ‘इस्की’ या भारतीय मानकावरून. ब्राह्मीतून निघालेल्या सगळ्या लिप्यांना एकच मांडणी चालावी, हा इस्कीचा हेतू. म्हणून द्राविडी भाषांतला वेगळा र लिहिण्यासाठी देवनागरीतही ‘ऱ’ आला. साध्या र चा आकडा 0930, याचा 0931.

मराठीची अडचण पुढेच आहे. र, हलन्त (पाय मोडण्याचं चिन्ह), य असे आकडे ओळीने आले की फॉन्टची यंत्रणा र चा रफार करून य वर चढवते: दर्या, म्हणजे समुद्र. डोंगरातल्या दऱ्यांना रफार चालत नाही, य ला चिकटलेला आडवा र लागतो. हिंदीला हा आडवा र लागतच नाही, नेपाळीला लागतो. मग तोड निघाली, तीही दोन प्रकारची. एक, ऱ ला हलन्त जोडायचा (इनस्क्रिप्ट या भारतीय कळफलकावर शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरकी रेघ). दुसरी युनिकोड 2.0 च्या काळातली: र, हलन्त, मग झीरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं चिन्ह, मग य. पडद्यावर दऱ्या आणि दर्‍या सारख्याच. आत पहिलीत पाच आकडे, दुसरीत सहा. शोध आकड्यांचा होतो, त्यामुळे एक टंकून दुसरी सापडेलच असं नाही. त्यात एखाद्या सॉफ्टवेअरने ‘अदृश्य कचरा’ समजून जॉइनर पुसला, तर दऱ्यांचा थेट समुद्र होतो.

‘ॲ’चंही तेच. 0972 हा स्वतंत्र आकडा त्याला 2008 मध्ये, आवृत्ती 5.1 मध्ये मिळाला. जुन्या मजकुरात अ वर ॅ आहे, 0905 आणि 0945.

युनिकोडचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करायची पद्धत, या जोड्या एक करत नाही. जुना मजकूर साठवण्याआधी ‘र, हलन्त, जॉइनर’च्या जागी ‘ऱ, हलन्त’ आणि ‘अ, ॅ’च्या जागी ‘ॲ’ असं स्वतःच बदलावं लागतं. जॉइनर सरसकट पुसायचे असतील तर ते यानंतर.